हाड जिवंत असते : माहुलीच्या अस्थींपासून मिरजेच्या पोलादी कड्यांपर्यंत

१/
साताऱ्याच्या पूर्वेस, कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर क्षेत्र माहुली आहे. छत्रपती शाहू महाराजांची समाधी याच परिसरात आहे आणि साताऱ्याची स्मशानभूमीही येथेच आहे. दहनानंतर आप्त येतात, राख सावडतात आणि उरलेल्या अस्थी गोळा करतात. पांढुरक्या, हलक्या, बोटांनी दाबल्या तरी चुरा होणाऱ्या त्या तुकड्यांकडे पाहून हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. ही समजूत जगभर होती आणि ती मोडण्यास शतके लागली. ती कशी मोडली, आणि ती मोडल्यामुळे सांगली-साताऱ्यातील कित्येकांचे पाय कापले जाण्यापासून कसे वाचले, याचा हा इतिहास.

२/
प्रथम त्या तुकड्यांविषयी. जिवंत हाड दोन द्रव्यांचे बनलेले असते. एक खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे सूक्ष्म स्फटिक. दुसरे कोलॅजेन, म्हणजे दोरखंडासारखे पीळदार प्रथिन. वजनाने पाहिल्यास सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो. चितेच्या आगीत कोलॅजेन जळून जाते आणि खनिज मागे राहते. म्हणून सावडलेल्या अस्थी आकाराने हाडासारख्या, पण ठिसूळ असतात. याच्या उलट प्रयोग घरी करता येतो. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की खनिज विरघळते, कोलॅजेन उरते आणि ते हाड रबरासारखे वाकते.

३/
खनिजामुळे हाड दाब सोसते, कोलॅजेनमुळे ताण सोसते. इमारतीच्या बांधकामात काँक्रीट आणि लोखंडी सळ्या यांची जी वाटणी असते, तशीच ही वाटणी आहे. लहान मुलांच्या हाडात कोलॅजेनचे प्रमाण अधिक असते. म्हणून झाडावरून पडलेल्या मुलाचे हाड पुष्कळदा ओल्या फांदीसारखे एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने नुसते वाकते. वृद्धाचे हाड वाळक्या काटकीसारखे कडकन मोडते.

४/
हा भेद भारतीय शल्यशास्त्राने फार पूर्वी टिपला होता. सुश्रुतसंहितेत अस्थींचे पाच प्रकार सांगितले आहेत : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. कवटीसारखी चपटी ती कपाल, दात ते रुचक, फासळ्यांसारखी वळलेली ती वलय, हातापायांतील नळीसारखी ती नलक. नाक, कान, कंठ येथील मऊ अस्थींना ‘तरुण’ म्हटले आहे. आज मराठीत आपण जिला कूर्चा म्हणतो, ती हीच. आघात झाला असता तरुणास्थी वाकतात, नलकास्थी मोडतात आणि कपालास्थींना तडे जातात, असे निरीक्षणही त्याच ग्रंथात आहे.

५/
येथे एक प्रश्न तरुण वाचक नेहमी विचारतात. सुश्रुताने हाडे ३०० सांगितली, चरकाने ३६०, आणि आजचे पाठ्यपुस्तक २०६ म्हणते. मग चूक कोणाची? सुश्रुताची बेरीज स्पष्ट आहे : हातापायांत १२०, धडात ११७, मानेपासून वर ६३. फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. त्याने दात आणि कूर्चाही अस्थींत धरल्या. शिवाय हाडांची संख्या वयाप्रमाणे बदलते. नवजात बालकात सुमारे २७० ते ३०० स्वतंत्र तुकडे असतात. वाढीबरोबर ते सांधत जातात आणि प्रौढपणी २०६ उरतात.

६/
कूर्चेला ‘तरुण अस्थी’ म्हणण्यात एक मोठे सत्य आहे. गर्भात आपला सांगाडा बहुतांशी कूर्चेचाच असतो. मांडीचे, दंडाचे, पाठीच्या मणक्यांचे हाड प्रथम कूर्चेच्या साच्यात घडते; मग रक्तवाहिन्या त्या साच्यात शिरतात, कूर्चा विरत जाते आणि तिच्या जागी हाड रचले जाते. कवटीची चपटी हाडे मात्र या साच्याविना, पातळ पडद्यातून थेट तयार होतात. जन्मानंतरही लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती शिल्लक राहते. उंची वाढते ती या चकतीमुळे. पण हे कळले कसे?

७/
१७२७ मध्ये इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने आपल्या वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात एक साधा प्रयोग नोंदवला. त्याने कोंबडीच्या वाढत्या पिल्लाच्या पायाच्या हाडात अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन छिद्रे पाडली. दोन महिन्यांनी हाड सुमारे एक इंचाने लांबले होते, परंतु दोन छिद्रांमधले अंतर तेवढेच राहिले होते. म्हणजे हाड रबरासारखे सर्व बाजूंनी ताणले जात नाही. त्याची वाढ टोकांकडे होते; मधला भाग लांबीत वाढत नाही.

८/
पुढचा धागा रंगाचा आहे, आणि त्याचे एक टोक भारतात आहे. महाबळेश्वराच्या जंगलात मंजिष्ठ नावाची वेल वाढते. तिच्या मुळांपासून लाल रंग निघतो आणि आयुर्वेदात ती औषध म्हणून प्रसिद्ध आहे. युरोपात तिचीच एक बहीण, मॅडर नावाची वनस्पती, रंगासाठी लावली जाई. सुती कापडावर हा लाल रंग पक्का बसवण्याची आणि छापण्याची कला युरोपीय कारागीर भारतीय छिटांची नक्कल करत शिकले. इंग्रजीतील ‘कॅलिको’ हा कापडाचा शब्दच कालिकत बंदराच्या नावावरून आला.

९/
१७३६ च्या सुमारास लंडनच्या गायज रुग्णालयातील शल्यचिकित्सक जॉन बेल्चियर हे एका कॅलिको छापणाऱ्याच्या घरी जेवावयास गेले. ताटात डुकराचे मांस होते आणि त्यातील हाडे लाल होती. चौकशी केल्यावर कारण कळले. कापड धुण्यासाठी कोंडा वापरीत. तो मॅडरच्या रंगाने माखे आणि तोच कोंडा डुकरांना खावयास घालीत. मांस, कातडी, चरबी पूर्ववत राहिली होती. रंग फक्त हाडात उतरला होता. बेल्चियर यांनी हे रॉयल सोसायटीस कळवले. निर्जीव दगड अन्नातला रंग घेत नाही. हाड अन्नातून काहीतरी घेत होते, म्हणजे ते जिवंत होते.

१०/
फ्रान्सचे दुहामेल द्यु मोन्सो यांनी ही कल्पना पुढे नेली. त्यांनी प्राण्यांना काही आठवडे मॅडर दिले, मग थांबवले, मग पुन्हा दिले. हाड कापून पाहिल्यावर लाल, पांढरे आणि पुन्हा लाल असे थर निघाले, झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखे. रंग नव्या रचल्या जाणाऱ्या हाडालाच लागत होता, जुन्याला नाही. हाडावरचे पातळ आवरण आतल्या बाजूने नवे थर देते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. या आवरणाला आपण पर्यस्थिकला म्हणतो.

११/
मात्र एक कोडे उरले. दुहामेल यांनी वाढत्या हाडाभोवती तारेचे कडे बसवले होते. काही काळाने ते कडे हाडाच्या आत, मज्जेच्या पोकळीत सापडले. हाड त्या कड्यातून बाहेर कसे आले? उत्तर स्कॉटिश शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी दिले. हाड बाहेरून रचले जात असताना आतून खणलेही जात असते. कडे जागेवरच राहिले. बाहेर नवे थर चढले, आतले जुने थर विरले आणि कडे आपोआप पोकळीत पोहोचले. शिळा घडवणारा शिल्पकार फक्त काढून टाकतो, भिंत बांधणारा गवंडी फक्त भर घालतो. हाडात दोन्ही कामे अखंड चालू असतात.

१२/
आज या दोन कामगारांची नावे ठाऊक आहेत. हाड रचणाऱ्या पेशी ऑस्टिओब्लास्ट, हाड विरवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट. रचता रचता हाडातच गाडल्या गेलेल्या पेशींना ऑस्टिओसाइट म्हणतात. त्या कोठे भार वाढला, कोठे सूक्ष्म तडा गेला, याची जाण ठेवतात आणि तशी वर्दी देतात. १६९१ मध्ये क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने हाडातील सूक्ष्म नलिकांचे वर्णन केले होते. त्यांतून रक्तवाहिन्या जातात, म्हणून त्या नलिका आजही त्याच्या नावाने ओळखल्या जातात. प्रौढ माणसाचा बहुतेक सांगाडा साधारण दहा वर्षांत असा नव्याने घडतो.

१३/
हाड भाराप्रमाणे घडते, हेही असेच उलगडले. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये शरीरशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील जाळीदार रचना दाखवली. तेथे उपस्थित असलेले स्थापत्य अभियंते कार्ल कुलमान यांना ती पाहताच ओळख पटली. वजन उचलणाऱ्या वाकड्या यारीतील दाब आणि ताण यांच्या रेषा ते जशा काढीत, तशीच ती जाळी होती. १८९२ मध्ये बर्लिनच्या यूलियुस वोल्फ यांनी नियम मांडला : ज्या दिशेने भार येतो, त्या दिशेने हाड स्वतःस बळकट करते; भार गेला की ते क्षीण होते. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची हाडे म्हणूनच पोकळ होत जातात.

१४/
आधार देणे एवढेच हाडाचे काम नाही. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठवलेले असते आणि रक्तात ते कमी पडले की हाडातूनच उसने घेतले जाते. १८६८ मध्ये क्योनिग्सबर्गच्या एर्न्स्ट नॉयमान यांनी दाखवून दिले की रक्तपेशी हाडांतील मज्जेत जन्म घेतात. प्रौढ माणसात दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तेथे तयार होतात. कवटी मेंदूचे आणि छातीचा पिंजरा हृदय व फुप्फुसांचे रक्षण करतो, हे तर उघडच आहे. आधारस्तंभ, खजिना आणि कारखाना या तिन्ही भूमिका एकाच अवयवाच्या आहेत.

१५/
सह्याद्रीतील एक प्राणी हाडाची ताकद डोळ्यांदेखत दाखवतो. कोयना-चांदोलीच्या जंगलातील सांबराचे शिंग हे खरेखुरे हाड असते. गाईबैलांचे शिंग नखासारख्या द्रव्याचे असते आणि जन्मभर टिकते. सांबराचे शिंग मात्र गळून पडते आणि काही महिन्यांत, मखमली कातडीखाली, कूर्चेतून हाड घडत पुन्हा पूर्ण वाढते. मिरजेचे सतारमेकर पूर्वी वाद्याच्या घोडीसाठी असे शिंग वापरीत, कारण तारेच्या घर्षणाला ते दीर्घकाळ दाद देत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याची जागा अन्य द्रव्यांनी घेतली.

१६/
आता कूर्चेकडे वळू. तिचा धडा सांगली-साताऱ्याच्या तालमीत वाचता येतो. हेलसिंकीत १९५२ मध्ये स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदके जिंकणारे मारुती माने कवठेपिरानचे आणि गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातील पुनवतचे. या भागात जुन्या पहिलवानाची ओळख कानावरून पटते. आखाड्यात रगडून रगडून कान जाड, गाठाळ आणि मिटल्यासारखा होतो.

१७/
हे घडते कसे? बाह्यकर्णात कूर्चेची पातळ पाटी असते आणि तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. पोषण मिळते ते वर चिकटलेल्या आवरणातून. कान रगडला गेला की आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचते आणि पोषणाचा मार्ग तुटतो. कूर्चेचा तो भाग मरतो. त्या जागी वेडीवाकडी, कठीण ऊती वाढते. साचलेले रक्त वेळीच, निर्जंतुक पद्धतीने काढून आवरण पुन्हा दाबून बसवले, तर कान वाचतो. पहिलवान मात्र तो कान कष्टाचे बिरुद म्हणून मिरवतात.

१८/
गुडघ्यात हाच दोष अधिक महाग पडतो. सांध्यातील हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. त्यात बहुतांश पाणी, कोलॅजेनची जाळी आणि तुरळक पेशी असतात. चालताना दाब पडला की स्पंजातून निघावे तसे पाणी बाहेर येते, दाब सुटला की सांध्यातील वंगणासह आत शोषले जाते. तिचे पोषण याच भरती-ओहोटीतून होते. रक्त नाही, म्हणून दुरुस्तीची सामग्री नाही. १७४३ मध्ये जॉन हंटर यांचे थोरले बंधू विल्यम हंटर यांनी लिहिले होते की एकदा नष्ट झालेली सांध्याची कूर्चा पूर्ववत होत नाही. पावणेतीनशे वर्षांनंतरही या विधानास थोडेच छेद गेले आहेत.

१९/
हाडाचे मात्र उलटे आहे. त्वचेवरील खोल जखम व्रण ठेवून भरते. हाड भरते ते पुन्हा हाड होऊन. मोडल्यावर प्रथम रक्ताची गुठळी होते, मग कूर्चेचा मऊ सांधा, मग कच्चे हाड, आणि शेवटी भाराप्रमाणे कोरलेले पक्के हाड. गर्भातला क्रम येथे पुन्हा गिरवला जातो. सुश्रुतसंहितेत तारुण्यात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि वार्धक्यात तिप्पट काळ सांगितला आहे. वड, पिंपळ, पळस, उंबर यांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या बांधाव्यात. बंध सैल असल्यास सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळल्यास सूज, वेदना व पू होतो, असा इशाराही तेथे आहे.

२०/
गावोगावच्या हाडवैद्यांनी ही परंपरा चालवली. साधे, बंद मोड त्यांच्या हातून पुष्कळदा बरे होत. पण तोच जुना इशारा विसरला गेला की अनर्थ होई. आवळून बांधलेल्या कामट्यांखाली पाय सुजे, रक्तप्रवाह थांबे आणि बोटे काळी पडत. मोड उघडा असेल, हाड कातडी फाडून बाहेर आले असेल, तर धोका आणखी मोठा. हाडात जंतुसंसर्ग शिरला की वर्षानुवर्षे पू वाहतो, मोडलेली टोके सांधत नाहीत आणि शेवटी पाय कापावा लागतो. शेतावर राबणाऱ्या माणसासाठी त्याचा अर्थ घरादाराची उपासमार असाच होता.

२१/
कृष्णाकाठी आधुनिक शल्यचिकित्सेचे केंद्र उभे राहिले ते मिरजेत. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. प्रथम सांगलीत काम करून पुढे ते मिरजेस गेले आणि १८९४ मध्ये तेथे त्यांचे रुग्णालय उघडले. संस्थानिकांच्या साह्याने ते वाढले. वैद्यक आणि परिचर्येचे शिक्षण तेथे दिले जाऊ लागले. क्षयरोग्यांसाठी उभारलेल्या आरोग्यधामाच्या परिसरास आजही वानलेसवाडी म्हणतात. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील रुग्णांच्या तोंडी ‘मिरजेला न्या’ हे वाक्य रुळले, त्यामागे हा इतिहास आहे.

२२/
त्याच काळात, हजारो मैलांवर, सैबेरियाच्या सीमेवरील कुर्गान प्रांतात एक तरुण डॉक्टर खेड्यात काम करीत होता. गाव्रील इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडक्या, न सांधलेल्या पायांचे सैनिक त्यांच्यापुढे येत. साधने तुटपुंजी होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी एक साधन तयार केले : पायाभोवती पोलादी कडी, कड्यांना जोडणाऱ्या आट्यांच्या सळ्या आणि हाडातून आरपार जाणाऱ्या, सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या बारीक तारा. हाड घट्ट धरले जाई, पण रुग्ण पायावर भार टाकून चालू शके. वोल्फ यांचा नियम येथे उपचार बनला.

२३/
असे सांगतात की हाडाची टोके जवळ आणण्यासाठी फिरवायच्या आट्या एका रुग्णाने उलट्या दिशेने फिरवल्या. टोके दूर गेली. पण त्या फटीत नवे हाड भरून आले होते. कथेचा तपशील कसाही असो, इलिझारोव्ह यांनी पुढे प्राण्यांवर शेकडो प्रयोग करून नियम पक्का केला. हाड काळजीपूर्वक कापावे, रक्तपुरवठा जपावा, पाच-सात दिवस थांबावे आणि मग टोके दिवसाला एक मिलिमीटर, तेही चौथाई-चौथाईने चार वेळा, दूर न्यावीत. याहून वेगाने ओढल्यास फट रिकामी राहते. सावकाश ओढल्यास हाड वेळेआधीच सांधते. योग्य गतीने ओढल्यास हाडाबरोबर कातडी, स्नायू, नसाही वाढतात.

२४/
सोव्हिएत वैद्यकविश्वाने त्यांना बराच काळ खेड्यातला हुन्नरी समजून दूर ठेवले. १९६४ चा टोकियो ऑलिंपिक विजेता उंच उडीपटू वालेरी ब्रुमेल याचा पाय मोटारसायकल अपघातात मोडला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर १९६८ मध्ये तो कुर्गानला गेला आणि पुन्हा उड्या मारू लागला. इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी यांचा वर्षानुवर्षे न सांधलेला पाय १९८० मध्ये तेथे बरा झाला. इटलीतील डॉक्टर थक्क झाले आणि १९८१ मध्ये त्यांनी इलिझारोव्ह यांना बेलाज्जो येथील परिषदेत बोलावले. तेथून हे तंत्र जगभर पसरले.

२५/
१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते भारतात पोहोचले. त्याच्या आरंभीच्या प्रसारकांत मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांच्या स्वास्थियोग प्रतिष्ठानात हे तंत्र वापरले आणि शिकवले गेले. त्यांनी संपादित केलेला अस्थिशल्यचिकित्सेचा अनेक खंडांचा इंग्रजी पाठ्यग्रंथ देशभरातील विद्यार्थी वापरतात. महाराष्ट्रात अकोल्यासारख्या ठिकाणीही या तंत्राची केंद्रे उभी राहिली. भारतासाठी त्याचे महत्त्व विशेष होते. येथे रस्ते अपघातांतले उघडे मोड, संसर्ग झालेली हाडे आणि पोलिओने आखूड झालेले पाय यांची संख्या फार मोठी होती.

२६/
संसर्ग झालेल्या पायावर उपचार कसा होतो, हे पाहिले म्हणजे या इतिहासाचे सर्व धागे एकत्र येतात. सडलेला तुकडा पूर्ण काढून टाकला जातो. समजा, सहा सेंटिमीटरची पोकळी पडली. मग त्याच हाडाचा निरोगी भाग वरच्या टोकाजवळ कापतात आणि तो तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवतात. तुकड्याच्या मागे नवे हाड भरत जाते. सुमारे साठ दिवसांनी तो खालच्या टोकास भेटतो. त्यानंतर नवे हाड पक्के होण्यास याहून दुप्पट किंवा अधिक काळ लागतो. कडी अंगावर वागवत महिनोन् महिने काढणे सोपे नसते. तारांच्या जागी जंतुसंसर्ग होतो, खर्चही येतो. पण पाय आपलाच उरतो.

२७/
इतिहासातील जुन्या प्रयोगांचे वंशज आजही कामात आहेत. मॅडरमधील ॲलिझारिन हे रंगद्रव्य प्रयोगशाळेत हाड रंगवण्यासाठी अजून वापरतात. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविकही नव्या हाडात जाऊन बसते. ते ठरावीक अंतराने दोनदा देऊन हाडाचा नमुना तपासला की दोन रेषांमधल्या अंतरावरून वाढीचा वेग कळतो. दुहामेल यांची लाल-पांढरी वर्तुळेच ती. वयोगटांच्या क्रीडास्पर्धांत खेळाडूच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून वय पडताळतात, तेव्हा पाहिल्या जातात त्या हेल्स यांच्या पिल्लाने सुचवलेल्या टोकांजवळच्या चकत्या. त्या मिटल्या की उंचीची वाढ संपते.

२८/
या इतिहासातून दोन गोष्टी तरुण वाचकाने लक्षात ठेवाव्यात. हाड मोडल्यास ते आवळून न बांधता स्थिर धरावे आणि रुग्णास लवकर रुग्णालयात न्यावे. त्याला रक्तपुरवठा आणि योग्य ताण मिळाला तर ते स्वतःस पुन्हा घडवते. कूर्चेला ती देणगी नाही. सुजलेला गुडघा घेऊन मैदानात वा आखाड्यात उतरणारा खेळाडू जे गमावतो, ते परत मिळवून देण्याचा खात्रीचा उपाय अद्याप सापडलेला नाही. कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून सांध्यात बसवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. त्यांना मर्यादित यश आले आहे.

२९/
माहुलीच्या घाटावर सावडल्या जाणाऱ्या अस्थींत खनिज उरलेले असते. त्यातील पेशी, रक्त, कोलॅजेन, म्हणजे ज्यामुळे ते हाड होते ते सारे, आगीत गेलेले असते. बेल्चियर यांच्या ताटातील लाल हाडापासून मिरजेतील रुग्णाच्या पायावरील कड्यांपर्यंत सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर आहे. या काळात शल्यचिकित्सकांनी हाडाला बाहेरून ठोकून-जोडून नीट करण्याचा हट्ट हळूहळू सोडला आणि त्याला स्वतःचे काम करू देण्याची कला शिकून घेतली. त्या कलेचे माप आजही तेच आहे : दिवसाला एक मिलिमीटर.